श्रुति की श्रुती?

बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न नसतो. तो उभा राहतो जन्मनोंदणीच्या अर्जावर. श्रुति की श्रुती? संस्कृतात हा शब्द ऱ्हस्वान्त, म्हणून ऱ्हस्वाचा आग्रह निराधार नव्हे. परंतु मराठीने आपला निर्णय केव्हाच केला आहे. शासनाने १९६२ साली स्वीकारलेल्या लेखननियमांनुसार व्यक्तिनामे दीर्घान्त लिहावयाची. ‘श्रुतिमनोहर’सारख्या समासात पूर्वपद मात्र ऱ्हस्वच राहते, संस्कृतशी नाते तुटत नाही.

अक्षराचा प्रश्न क्षुल्लक नसतो, हे रत्नागिरीला सांगावयास नको. १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी येथूनच भाषाशुद्धी आणि लिपिशुद्धीचा पुरस्कार केला. आज मात्र अनेक घरी रोमन स्पेलिंग आधी ठरते आणि देवनागरी रूप कारकुनाच्या लेखणीवर सोपविले जाते. जन्मदाखल्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. पुढे हेलपाटे त्या मुलीच्याच नशिबी.

नोंदणीनंतर बारा महिन्यांपर्यंत बाळाचे नाव विनाशुल्क नोंदविता येते. तेवढ्या अवधीत आईवडिलांनी नाव प्रथम देवनागरीत लिहावे, विचारपूर्वक एकच रूप निवडावे आणि तेच सर्वत्र जपावे. लेकीला मिळणारा तो पहिला दागिना आहे. तो घडविताना घाई नको.