खेळणे थांबते, विद्या थांबत नाही

मांजरी बुद्रुक 2021 साली पुणे महापालिकेत गेले. गाव शहर झाले, पण कबड्डी खेळून घरी आलेल्या मुलीला आई जे ऐकवते ते बदललेले नाही : "दहावी जवळ आली, आता पुरे. खेळून काय मिळणार आहे?" अशा मातांनी शैलजा जैन यांची हकीकत मुलीला शेजारी बसवून वाचावी.

शैलजाताई मूळच्या नागपूरच्या, पुढे नाशिककर झालेल्या. आधी स्वतः कबड्डी खेळल्या, मग प्रशिक्षक होऊन त्यांनी वर्षानुवर्षे मुली घडविल्या. भारतीय महिला संघाला शिकवावे ही त्यांची इच्छा होती. ते पद मिळाले नाही, ही खंत त्यांनी उघडपणे बोलून दाखविली आहे.

पुढे इराणचे बोलावणे आले. मुलूख परका, भाषा परकी, त्यात ताई शाकाहारी! तरी त्या गेल्या. कामापुरती फारसी शिकल्या. चढाई-पकडीबरोबर मुलींकडून योगासने व प्राणायाम करून घेतला. चढाईला मिळतात 30 सेकंद. तेवढ्यात गडी टिपून, दम न सोडता परत यायचे. श्वासावर ताबा नसेल तर ताकद काय कामाची?

आशियाई स्पर्धेत महिलांची कबड्डी 2010 साली आली. ते सुवर्ण भारताचे, 2014 चेही भारताचेच, आणि त्या वेळी अंतिम सामन्यात हरलेला संघ इराणचा होता. 24 ऑगस्ट 2018 रोजी जकार्तात त्याच इराणने भारताला 27-24 असे हरविले. आपल्या मुली हरल्या याचे दुःख झालेच. पण जिंकविणारी विद्याही आपल्याच मातीतली होती. घरच्यांनी तिला वेळीच विचारले असते तर? 2023 मध्ये भारताने सुवर्ण परत मिळविले, पण हा प्रश्न उरतोच.

भगिनींनो, पदक प्रत्येकीला मिळणार नाही. पण खेळ जाणणारी मुलगी उद्या क्रीडाशिक्षिका, पंच, प्रशिक्षक होऊ शकते. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत पात्र खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत. तेव्हा मुलीला मैदानावरून उठवू नका, आणि तिची खेळाची प्रमाणपत्रे गुणपत्रिकेशेजारी जपून ठेवा.