सत्तर टक्के पैसा जनतेचा, विद्या कोणाची?

सेमीकंडक्टर उद्योगात जुळणी आणि चाचणी ही कामे दीर्घकाळ दुय्यम मानली गेली. सिलिकॉनच्या चकतीवर मंडले कोरण्याचे काम अमेरिकेत वा जपानात व्हावे; त्या चकतीचे तुकडे करून, प्रत्येकाला केसाहून बारीक सोन्याच्या तारा जोडून तो आवरणात बंद करण्याचे काम मात्र जेथे मजुरी स्वस्त तेथे धाडावे, अशी ही वाटणी होती. फेअरचाइल्ड कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी हाँगकाँग गाठले, इंटेलने १९७२ साली मलेशियातील पेनांग. सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून तारा जोडणाऱ्या बहुतांशी तरुण मुली होत्या. मलेशियाच्या सरकारने इलेक्ट्रॉनिक्स कामगारांना १९८८ पर्यंत संघटना करू दिली नाही आणि तेव्हाही मुभा दिली ती कंपनीपुरत्या संघटनेची. मजुरी आपोआप स्वस्त राहत नाही. ती तशी राखावी लागते.

आज ही वाटणी मोडली आहे. मंडले अधिकाधिक बारीक करणे अतोनात महाग झाल्यामुळे एकच मोठी चिप घडविण्याऐवजी अनेक लहान तुकडे घडवून ते एकत्र जोडण्याकडे उद्योग वळला आहे. तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या ‘कोवॉस’ पद्धतीत आकडेमोड करणारी चिप आणि मेमरीच्या चवडी एकाच पायावर शेजारी शेजारी बसवतात. अशा एका चवडीत कागदासारखे पातळ केलेले आठ-बारा थर एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्या आरपार पाडलेल्या छिद्रांतून तांब्याचे जोड गेलेले असतात. २०२३ साली कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या चिपांचा जो तुटवडा पडला, त्याचे एक प्रमुख कारण या जोडणीची अपुरी क्षमता हे होते. चाचणीचे महत्त्वही असेच वाढले. प्रत्येक थर शंभरात नव्याण्णव वेळा निर्दोष निघाला, तरी बारा थरांची चवड निर्दोष निघण्याची शक्यता ८९ टक्क्यांच्या आतच राहते. एक थर नासका निघाला की बाकीचे अकरा वाया. म्हणून पूर्वी मुख्यतः शेवटी होणारी चाचणी आता जोडणीआधी प्रत्येक तुकड्याची करावी लागते. थोडक्यात, कालची मजुरी ही आजची विद्या झाली आहे.

या पार्श्वभूमीवर गुजरातमधील साणंदचा हिशेब पाहावा. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या मायक्रॉन कंपनीने तेथे मेमरी चिपांच्या जुळणी-चाचणीचा कारखाना जाहीर केला. एकूण खर्च २७५ कोटी डॉलर, म्हणजे सुमारे २२ हजार ५०० कोटी रुपये. त्यातील ५० टक्के केंद्राचे, २० टक्के गुजरात सरकारचे. उरलेले कंपनीचे, मालकी मात्र सर्वस्वी कंपनीची. कंपनीने सांगितलेल्या ५ हजार प्रत्यक्ष नोकऱ्यांनी सरकारी रक्कम भागली, तर एका नोकरीमागे तीन कोटींहून अधिक पडतात. केवळ रोजगारासाठी हा खर्च आहे, असे अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही म्हणणार नाही. तो विद्येसाठी असेल, तर कोणती विद्या येते? याच कंपनीने चवडी रचण्याच्या प्रगत जोडणीचा नवा कारखाना जानेवारी २०२५ मध्ये सिंगापूरला उभारावयास घेतला. साणंदच्या वाट्याला आली ती नेहमीच्या मेमरी चिपांची जुळणी व चाचणी. ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेला ओडिशातील काचेच्या पायावरील जोडणीचा प्रकल्प हा अपवाद म्हणावा लागेल.

महाराष्ट्रात या प्रश्नाची चर्चा झाली ती निराळ्याच अंगाने. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदान्त-फॉक्सकॉन प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला, तेव्हा ‘पळविला’ म्हणून गदारोळ उठला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने अंग काढून घेतले. कोणत्या राज्याने किती खैरात देऊ केली आणि कोणत्या अटींवर, हे मात्र त्या गदारोळात फारसे कोणी विचारले नाही.

या कारखान्यांना विरोध करणे हा समाजवाद्यांचा मार्ग नव्हे. मोहालीचे सार्वजनिक क्षेत्रातील सेमीकंडक्टर संकुल १९८९ च्या आगीत होरपळले, त्यानंतर या क्षेत्रात देश मागे पडला, हे विसरता येत नाही. प्रश्न अटींचा आहे. समाजवादाचे नुसते नाव काढले तरी ज्यांचे पित्त खवळते, त्या अमेरिकी अध्यक्षांच्या सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये इंटेलला द्यावयाच्या अनुदानाच्या बदल्यात कंपनीचे सुमारे दहा टक्के भाग घेतले. सत्तर टक्के देणाऱ्या भारताने एकही भाग मागू नये, याला औदार्य म्हणावे की आणखी काही?

दुसरी अट कामगारांची. दक्षिण कोरियात सॅमसंगच्या गिहुंगच्या चिप कारखान्यात, तसेच ओन्यांगच्या जुळणी-चाचणी कारखान्यात काम केलेल्या मुलींना रक्ताचा कर्करोग झाला. कोणती रसायने वापरली, हे व्यापारी गुपित ठरविले गेले. कंपनीने जाहीर माफी मागितली ती दहा वर्षांहून अधिक लढ्यानंतर, नोव्हेंबर २०१८ मध्ये. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी मुदतबंद नोकरीचा मार्ग प्रशस्त केला आहे. दोन वर्षांच्या मुदतीवर आलेली मुलगी दहा वर्षांनी आजारी पडली, तर तिने दाद कोणाकडे मागावी?

आसामात जागीरोडला टाटा समूहाचा २७ हजार कोटींचा जुळणी-चाचणी कारखाना फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झाला. तो उभा राहिला तो सरकारी नगाव कागद गिरणीच्या जागेवर. ती गिरणी २०१७ साली बंद पडली आणि तिच्या कामगारांना थकलेल्या पगारासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. त्या घरांतील किती मुले-मुली नव्या कारखान्यात कायम नोकरीवर घेतली, हा प्रश्न आसामच्या विधानसभेत विचारला गेला पाहिजे. साणंदच्या करारातील अटी संसदेच्या पटलावर ठेवण्याची मागणीही विरोधी सदस्यांनी करावी. तोवर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावयाला पक्षाच्या कोणत्याही शाखेला दहा रुपयांखेरीज काही लागत नाही.