देवीपुरता जोगता, आजारात कुणाचा?

आपल्या सांगली-कोल्हापूर भागात लग्नकार्याला जोगते लागतात. यल्लम्माचा जग दारात आला की पायावर पाणी घालायला अख्खी गल्ली जमते. पण त्याच जोगत्याचा ताप महिनाभर उतरला नाही, की 'त्यो रोग झाला असंल' म्हणून त्याचा तांब्या बाजूला पडतो.

या माणसांत एड्सविरुद्धचं काम मुख्यतः त्यांनीच केलं, हे गावाला ठाऊक नसतं. सांगलीत मीना शेषू यांची 'संग्राम' संस्था १९९२ पासून आहे. तिच्या कामात धंदा करणाऱ्या बायकाच एकमेकींना निरोध पुरवू लागल्या, एकमेकींना दवाखान्यात नेऊ लागल्या. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. मुंबईत १९९४ पासून अशोक राव कवींच्या 'हमसफर ट्रस्ट'नं समलिंगी पुरुषांत आणि हिजड्यांत काम केलं. तेव्हा कलम ३७७ डोक्यावर होतं. त्याच साली तिहार तुरुंगात निरोध द्यायला नकार मिळाला आणि 'एड्स भेदभाव विरोधी आंदोलन' कोर्टात गेलं. निरोध वाटला तर असले संबंध मान्य केल्यासारखं होईल, असा तो हिशेब! पुढं २००१ ची 'नाझ'ची याचिकाही एड्सच्या कामातूनच आली. सज्ञानांच्या राजीखुशीच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसायला २०१८ उजाडलं.

आता औषधाचं. एआरटीच्या गोळ्या २००४ पासून सरकारी केंद्रात फुकट मिळू लागल्या. रोज नेमानं घेतल्या तर माणूस शेतात राबतो, आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला की शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. पंगतीला बसून, एका नळाचं पाणी पिऊन तर ती कधीच होत नव्हती.

मग माणूस गोळ्या का सोडतो? बहुतेकदा गावात नाव फुटेल या भीतीनं. एकाच्या दवाखान्याच्या कागदाची बातमी चावडीवर आली की दुसरा तपासणीलाच जात नाही, आणि रोग तसाच अंगात राहतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, संमतीशिवाय तपासणी करायला आणि रुग्णाची माहिती फोडायला बंदी घातली. नोकरी, शाळा, दवाखाना यांत भेदभावालाही मनाई आहे. सरपंच, पोलीस पाटलांनी हा कायदा एकदा ग्रामसभेत वाचून दाखवावा. रुग्ण कोण, ते मात्र विचारू नये. आणि घरच्यांनी हाकललेल्या जोगत्याचं रेशनकार्ड अडलं असेल, तर त्याला चार हेलपाटे घालायला न लावता कागद पुढं सरकवावा.