आधी पाया, मग टाइल्स!

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात पुनर्वसनाची घरं मिळाली. किती जमीन त्यावर २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट, आणि तीही एकमजली. कुटुंबं वाढली, आता वर दोन मजले चढवायचेत. पण बजेट सुरू होतं टाइल्स आणि एलिव्हेशनपासून! खालचा पाया एवढं वजन झेलेल का, हे तपासायचा खर्च आधी कापला जातो, कारण तो पाहुण्यांना दिसत नाही ना! मला हे अजिबात पटत नाही. पाया, कॉलम, लिंटेल बँड यांचे पैसे आधी बाजूला काढा. उरलेल्यात एकच मजला बसत असेल तर एकच बांधा. दुसरा पुढच्या सोयाबीनला.