साखळी-दुकानातील नोकरी : लाभ आणि मोल

पानिपत हे नाव कानी पडताच मराठी माणसाचे मन १४ जानेवारी १७६१ या दिवसाकडे धाव घेते. परंतु दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर वसलेले हे शहर आज ओळखले जाते ते सतरंज्या, ब्लँकेटे आणि पडद्यांचे कापड यांसाठी. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी येथे माग उभारले, दुकाने थाटली आणि शहराच्या जुन्या पेठा पुन्हा गजबजल्या. अशा पेठेतल्या दुकानात कामाला लागणारा मुलगा ‘लालाजीं’च्या नजरेखाली वाढे. अडचणीला उचल मिळे, घरच्या लग्नाला आहेर येई. मात्र नेमणुकीचा कागद कधी हाती पडत नसे आणि सुट्टी मालकाच्या मर्जीवर अवलंबून असे.

आज त्याच पानिपतात, जी. टी. रोडच्या कडेला, निराळ्या धर्तीची दुकाने उभी आहेत. मालकी एका कंपनीची, मांडणी गावोगावी एकसारखी. म्हणून त्यांना साखळी-दुकाने म्हणावयाचे. शाळा-कॉलेज संपवलेली मुले-मुली गणवेश घालून तेथे काउंटरवर उभी राहतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रश्न पडतो : ही नोकरी धरू द्यावी काय? वाचकहो, हा प्रश्न जितका पानिपतचा, तितकाच परभणीचा आणि पणजीचा आहे. म्हणून त्याच्या दोन्ही बाजू नीट पाहू.

प्रथम लाभाची बाजू. येथे ओळखीपाळखीवाचून प्रवेश मिळतो. पगार ठरावीक तारखेला बँकेत जमा होतो. वीस किंवा अधिक माणसे जेथे काम करतात, तेथे भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू होतो. सर्वसाधारण दर असा की, मूळ पगार व महागाई भत्त्याच्या १२ टक्के कर्मचाऱ्याने भरावयाचे आणि तेवढीच रक्कम कंपनीने घालावयाची. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यास राज्य विमा योजनेचा आधार आहे; त्यासाठी वेतनातून पाऊण टक्का कापला जातो, कंपनी सव्वातीन टक्के भरते, आणि घरच्या माणसांनाही औषधोपचार मिळतो. पेठेतील लहान दुकानदार या कायद्यांच्या कक्षेत बहुधा येतच नाही.

दुसरा लाभ शिक्षणाचा. मालाची आवक कशी नोंदवावी, मुदत संपत आलेला माल पुढे कसा मांडावा, रोकड कशी जुळवावी, रागावलेल्या गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, ही विद्या पुस्तकात मिळत नाही. ती नीट आत्मसात करणारा मुलगा उद्या विभागप्रमुख होऊ शकतो, अथवा स्वतःचे दुकान अधिक शहाणपणाने चालवू शकतो. मुलींच्या बाबतीत तर स्वतःच्या नावावर येणारा पगार हीच एक मोठी शिकवण असते.

आता मोलाची बाजू. हे काम उभ्याचे आहे. दिवसभर उभे राहून पाय सुजतात, कंबर धरते. केरळातील कापड-दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांनी ‘आम्हांला बसू द्या’ एवढ्याच मागणीसाठी अनेक वर्षे झगडा दिला, तेव्हा २०१८ साली तेथील दुकानविषयक कायद्यात बसण्याच्या सोयीची तरतूद झाली. तामिळनाडूने २०२१ मध्ये तेच पाऊल उचलले. बसण्यासारख्या साध्या गोष्टीसाठी कायदा करावा लागावा, यातच सारे आले.

दुसरे मोल सणावारांचे. जग ज्या दिवशी सुट्टी घेते, त्याच दिवशी दुकानाची झुंबड असते. दिवाळीच्या आठवड्यात व रविवारी रजा मिळणे कठीण. पाळी संपून हिशेब जुळेपर्यंत रात्र होते, आणि मुलगी घरी कशी पोचेल ही चिंता आईवडिलांना लागून राहते.

तिसरे मोल सहसा कोणी सांगत नाही. येथे मालक डोळ्यांसमोर नसतो. दुकान चांगले चालत असूनही दूरच्या शहरात घेतलेल्या कर्जापायी ते बंद होऊ शकते. १९९७ मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या ‘सुभिक्षा’ची दुकाने देशभरात १,६०० च्या घरात गेली होती, २००९ च्या आरंभी ती बंद पडली आणि कर्मचाऱ्यांचे पगार थकले. २००१ मध्ये निघालेल्या ‘बिग बझार’चा डोलारा २०२२ साली कर्जाच्या ओझ्याखाली कोसळला. काउंटरवरच्या माणसाचा यात काय दोष?

नोकरदार आणि मालक यांतील हे अंतर कमी करण्याचा एक प्रयत्न मराठी माणसाला ठाऊक आहे. १९४८ साली मुंबईच्या नायगावात कामगारांच्या सहकारातून जी ग्राहकसंस्था निघाली, तीच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून नावारूपास आली. तेथे दुकानाचे मालक म्हणजे सभासद ग्राहकच होते. पुढे मोठ्या कंपन्यांच्या स्पर्धेत तिला ओहोटी लागली हे खरे. पण दुकान कोणाचे व कोणासाठी, हा तिने विचारलेला प्रश्न शिळा झालेला नाही.

तेव्हा निर्णय कसा करावा? नोकरी नाकारण्यापेक्षा ती पारखून घ्यावी, असे आम्हांस वाटते. नेमणूकपत्रावर कंपनीचे नाव आहे की कंत्राटदाराचे, हे प्रथम पाहावे. दुकान एकाचे आणि नोकरी दुसऱ्याची, असे पुष्कळदा आढळते. भविष्यनिर्वाह निधीचा बारा आकडी क्रमांक मागून घ्यावा. नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. त्या खात्यात दरमहा भरणा होतो की नाही, हे स्वतः तपासावे. आठवड्याचे तास ४८ च्या वर जात असतील, तर जादा कामाचा मोबदला विचारण्यात संकोच नसावा. साप्ताहिक सुट्टी कोणत्या दिवशी आणि रात्री घरी पोचण्याची सोय काय, हेही आधीच ठरवून घ्यावे.

घरच्यांनीही आपला वाटा उचलावा. दिवसभर उभे राहून आलेल्या मुलाला ‘दुकानात तर काम करतोस’ असे हिणवू नये. रविवारी तो घरी नसेल, तर घरचा सण सोमवारी करावा. देवाची त्याला हरकत नसते. आणि आपण स्वतः गिऱ्हाईक म्हणून काउंटरशी उभे राहू, तेव्हा पलीकडची मुलगी सकाळपासून उभी आहे, एवढे ध्यानी ठेवावे. तिच्या नोकरीचे मोल हलके करणे काही अंशी आपल्याही हाती आहे.