पुनरुज्जीवनाचा सराव हातांनीच हवा
हृदय बंद पडलेल्या प्रौढ रुग्णाची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबावी, हे व्याख्यान ऐकून पाठ होते. परंतु थोड्याच वेळात हात थकून दाब उथळ पडू लागतो आणि ते दाबणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही, हे पुतळ्यावर प्रत्यक्ष सराव केल्याखेरीज उमगत नाही. नॉर्वेचे खेळणी-कारखानदार आस्मुंड लेर्डाल यांनी असा पुतळा 1960 साली सिद्ध केला. तरीही अनेक ठिकाणी प्रशिक्षण हजेरीपटावरील सहीपाशीच संपते, हे खेदजनक आहे. डॉक्टर, परिचारिका व वॉर्डबॉय यांनी आपल्याच कक्षात एकत्र सराव करावा, डॉक्टरांची औषधाची आज्ञा परिचारिकेने मोठ्याने पुन्हा उच्चारून, औषध दिल्यावर ‘दिले’ असे कळवावे, आणि मागाहून दोषारोप न करता घडलेल्याची चर्चा व्हावी, यासाठी ड्यूटीतलाच वेळ राखण्याचा हुकूम वरिष्ठांनी काढलाच पाहिजे.