भोंगा कोणासाठी?

"हल्लीच्या मुलांचं कशातच लक्ष लागत नाही!" आपल्याकडे चार माणसं जमली की हे वाक्य ऐकू येतंच. बोलणाऱ्याच्या स्वतःच्या हातातही बहुधा मोबाईल असतो, पण ते असो.

मला हे वाक्य अर्धंच पटतं. तीच मुलं गेम खेळताना जेवणखाण विसरतात. म्हणजे लक्ष नाहीसं झालेलं नाही, ते दुसरीकडे ओढलं जातंय. पुस्तकातला धडा संपतो, शाळेत तास संपल्याची घंटा होते. तिथे मन जरा थांबतं, आता पुढे काय ते ठरवतं. मोबाईलवर हा थांबाच काढून टाकलाय. बोटाने सरकवत राहा, खालून नवं येतच राहतं. २००६ साली ही युक्ती काढणाऱ्या एझा रास्किन यांनी पुढे स्वतःच त्याबद्दल खंत व्यक्त केली. मग बारा-तेरा वर्षांच्या पोराने एकट्याने मनोनिग्रह करावा, ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे?

वर्गात निबंध लिहायला दिला की पहिली दहा मिनिटं पेन्सिलीला टोक काढण्यात आणि "बाई, पाणी पिऊन येऊ?" यातच जायची. मग वर्ग आपोआप शांत व्हायचा. एकाग्रता अशी हळूहळू जमते. मधेच फोन वाजला की गाडी पुन्हा पहिल्या मिनिटावर.

म्हणूनच सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाचं मला कौतुक वाटतं. करोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हाती आलेले मोबाईल नंतर सुटेनात. तेव्हा गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक नेम सुरू केला. संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही, मोबाईल बंद आणि मुलं अभ्यासाला. ८.३० ला पुन्हा भोंगा, की सुट्टी.

यातली खरी गोम म्हणजे भोंगा मोठ्यांसाठीही होता. बाहेरच्या खोलीत मालिका चालू ठेवून आतल्या खोलीतल्या मुलाला "अभ्यास कर" म्हणायची सोय उरली नाही.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला बंदी केली. कायदा करायचं ते करो, पण आपल्या घरातला भोंगा आपणच वाजवायला हवा. रोज एक तास सगळ्यांचे फोन एका डब्यात, आजीचासुद्धा! "ऑफिसचा फोन आला तर?" असं कोणी म्हणेलच. तासाभराने उलट फोन करा. मुलांचं बालपण मात्र असं मागाहून उलट लावता येत नाही.

बघा, पटतंय का.